संसारोपयोगी यंत्रविचार : निरोप-पेटीची साक्ष

निरोप सांगणें ही क्षुल्लक गोष्ट आहे असें ज्यास वाटत असेल, त्यानें मोठ्या कुटुंबांत चार दिवस राहून पाहावें. कोण आलें होतें, त्यानें काय सांगितलें, तें कोणीं ऐकलें आणि ऐकून कोणाच्या कानावर घातलें, या चार प्रश्नांवर अर्ध्या घराची शांति अवलंबून असते. दुखणेकऱ्याची खबर, विहिणीचा सांगावा, सराफाचा तगादा, यांपैकीं एखादा निरोप मध्येंच गळाला, कीं दोष सांगणारास लागत नाहीं, ज्यास सांगितलें त्यासहि लागत नाहीं. तो मधल्या निरोप्यास लागतो. पूर्वीं हा निरोप्या म्हणजे ओसरीवर बसणारे एखादे आजोबा, नाहींतर दारांत खेळणारा मुलगा असे. आतां पेढ्यांत, दवाखान्यांत आणि कचेऱ्यांत हें काम पुष्कळ ठिकाणीं एका यंत्राकडे आलें आहे. इंग्रजींत त्यास व्हॉइसमेल म्हणतात. आम्ही या लेखापुरतें त्यास निरोप-पेटी म्हणूं.

माणूस निरोप विसरला तर त्यास रागें भरतां येतें. यंत्र विसरलें तर काय करावें, आणि मुख्य म्हणजे तें विसरलें आहे हें ओळखावें कसें, हा या महिन्याचा विषय आहे. तो आम्हीं निवडिला याचें कारण असें कीं, एका पेटीच्या बिघाडापायीं एका निर्दोष बाईंच्या बावीस वर्षांच्या चाकरीवर पाणी पडण्याची वेळ आली होती.

सोलापुरांत चादरी व टॉवेल यांचा घाऊक व्यापार करणारी एक जुनी पेढी आमच्या परिचयाची आहे. तिचें नांव सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. तीन भाऊ, त्यांचे पांच मुलगे आणि सर्वांची मिळून एक तिजोरी, असा तिचा थाट. पेढीच्या टेलिफोनावर बावीस वर्षें एक बाई बसत आल्या आहेत. मराठी, तेलुगु, कानडी आणि हिंदी या चारहि भाषा त्यांच्या जिभेवर सारख्याच. सोलापुरांत ही हौस नव्हे, ती गरज आहे. कारण तेथील पद्मशाली विणकराच्या घरीं तेलुगु बोलतात, विजापूर-कलबुर्गीकडील गिऱ्हाईक कानडी बोलतें, आणि हिशेब मात्र मराठींत चालतो. घरांतील मुलें या बाईंस काकू म्हणतात. सात वर्षांपूर्वीं पेढींत ईपीएबीएक्स, म्हणजे कचेरीपुरतें खासगी एक्स्चेंज, बसविलें गेलें. त्यांत निरोप-पेटीचें कार्ड होतें. पेढी बंद असतां कोणीं टेलिफोन केला, तर काकूंच्याच आवाजांत चार भाषांतून स्वागत होई आणि गिऱ्हाइकाचें म्हणणें पेटींत नोंदलें जाई.

गेल्या वैशाखांत एका शुक्रवारीं रात्रीं वळवाचा पाऊस झाला. वीज गेली ती शनिवारीं सकाळीं नऊ वाजतां आली. त्या दिवशीं पेढी नित्याप्रमाणें दहाला उघडली व दुपारीं दोनला बंद झाली. सोमवारीं कलबुर्गीकडील एका जुन्या व्यापाऱ्यानें विचारलें, “शनिवारीं रात्रीं नऊ वाजतां सांगितलेल्या चारशें चादरी निघाल्या का?” लग्नाच्या आहेराचा माल होता, दिवस थोडे होते. पेढींत कोणासच कांहीं ठाऊक नव्हतें. पेटींत तसा निरोप नव्हता. व्यापाऱ्यानें माल दुसरीकडून उचलला, आणि “तुमच्याकडे सांगितलेलें आतां पोंचत नाहीं,” असें बोलून टेलिफोन ठेविला.

पेढीचें यंत्रकाम पाहणाऱ्या पुतण्यानें यंत्राकडून नोंदींची यादी काढली. तींत वेळा होत्या, तारखा नव्हत्या. यादींत लिहिलें होतें कीं, रात्रीं दोन वाजतां काकूंच्या गुप्तांकानें पेटी उघडण्यांत आली व चार नोंदी पुसण्यांत आल्या. पेढीची एक किल्ली काकूंपाशीं असे. रात्रीं दोन वाजतां पेढींत कोण येतें? येऊन निरोप कां पुसतें? कोणाच्या सांगण्यावरून? हे प्रश्न कोणीं मोठ्यानें विचारले नाहींत. पण एकत्र घरांत न विचारलेले प्रश्नच अधिक ऐकूं येतात. काकूंनीं पहिल्याच दिवशीं एवढेंच सांगितलें होतें कीं, “मीं शनिवारीं सकाळीं टूं-टूं वाजणाऱ्या चार नोंदी पुसल्या, त्यांत माणसाचा शब्द नव्हता.” त्या सांगण्याकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. मंगळवारीं त्यांनीं राजीनामा लिहून थोरल्या यजमानांच्या मेजावर ठेविला. यजमानांनीं तो उघडून वाचला, परत घडी घातली, आणि आम्हांस बोलावणें पाठविलें. त्यांचा प्रश्न एकच होता: “यंत्र खोटें बोलतें काय?”

यंत्राची कुळकथा

या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं पेटीचें कूळ थोडें पाहूं. बोललेला शब्द धरून ठेवावा ही माणसाची हौस जुनी आहे. ज्या १८७७ सालीं सोलापुरांत सूत कातण्याची व कापड विणण्याची पहिली गिरणी, म्हणजे लोकांच्या तोंडची जुनी मिल, निघाली, त्याच सालीं अमेरिकेंत एडिसन यांनीं फोनोग्राफ सिद्ध केला. टेलिफोनावरील बोलणें नोंदून ठेवतां यावें हा त्यांच्या मनांतील एक हेतु होता, व पुढील वर्षीं फोनोग्राफाचे उपयोग सांगतांना त्यांनीं तो छापूनहि प्रसिद्ध केला. १८९८ सालीं डेन्मार्कमधील वाल्डेमार पौल्सेन यांनीं पोलादी तारेवर चुंबकत्वाच्या योगें आवाज नोंदण्याची युक्ति शोधून काढली. आपल्या यंत्रास त्यांनीं टेलिग्राफोन असें नांव दिलें. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत तें मांडलें होतें, आणि तेथें ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रांझ जोसेफ त्यांत जें बोलले तें आजहि ऐकतां येतें. सम्राट गेले, त्यांचें साम्राज्य गेलें, तारेवरचा आवाज मात्र राहिला.

तार आणि फीत यांची पायरी ओलांडून पेटी संगणकाच्या वंशांत शिरली ती विसाव्या शतकाच्या शेवटल्या पावांत. अमेरिकेंतील गॉर्डन मॅथ्यूज यांनीं १९७९ सालीं अशा व्यवस्थेच्या पेटंटाकरितां अर्ज केला व १९८३ सालीं तें त्यांस मिळालें. तींत आवाजाचे अंक होतात, अंक सांठविले जातात, आणि ज्याची पेटी त्यास त्याच्या गुप्तांकावर ते पुनः आवाज होऊन ऐकूं येतात.

आपल्या देशांत मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें पहिलीं टेलिफोन एक्स्चेंजें जानेवारी १८८२ मध्यें उघडलीं. त्यानंतर शंभर वर्षें आपण बहुतेक परदेशी घडणीच्या यंत्रांवर काम भागविलें. १९८४ सालीं सी-डॉट ही संस्था निघाली, आणि १९८६ सालीं आपल्या शेजारच्या बेळगांव जिल्ह्यांतील कित्तूर येथें तिनें घडविलेलें लहान ग्रामीण एक्स्चेंज सुरू झालें. वातानुकूलनाच्या खोलीवांचून, आपल्या धुळींत व उन्हांत तें चालावें असाच त्याचा आराखडा होता. ही गोष्ट येथें सांगण्याचें कारण पुढें कळेल. यंत्र कोणत्या हवेंत आणि कोणत्या देशाच्या तारांवर चालावयाचें आहे हें त्यास सांगावें लागतें. न सांगतां तें आपलें मूळचेंच गृहीत धरून चालतें.

दोषाचा शोध

वैद्य जसा नाडी, जीभ व डोळे क्रमानें पाहतो, तसा यंत्राच्या दुखण्यांतहि क्रम पाळावा. निरोप-पेटीच्या तक्रारींत दोषाचीं ठिकाणें चार: बाहेरील तार, खासगी एक्स्चेंज, पेटीचें कार्ड, आणि कार्डास दिलेल्या आज्ञा. एकेक ठिकाण निर्दोष ठरवीत पुढें जावें. जो एकदम कार्ड काढून नवें घालतो, त्याचे पैसे जातात आणि पुष्कळदां रोगहि राहतो.

आम्ही बुधवारीं दुपारीं पेढींत गेलों. प्रथम बाहेरील तार एक्स्चेंजपासून सोडवून तिला साधा टेलिफोन लावला. आवाज स्वच्छ होता, खरखर नव्हती. मग तार पुनः जोडून एका मेजावरून दुसऱ्या मेजावर बोलून पाहिलें. एक्स्चेंज नीट काम करीत होतें. काकूंची पेटी पुतण्यानें पुरावा म्हणून तशीच ठेविली होती व तिला कोणास हात लावूं दिला नव्हता. हें त्यानें चांगलें केलें होतें. म्हणून आम्हीं थोरल्या यजमानांची रिकामी पेटी परीक्षेस घेतली. आंतून टेलिफोन करून दोन वाक्यें बोललों. तीं जशींच्या तशीं ऐकूं आलीं. बाहेरून मोबाइलवरून बोललों. तींहि नोंदलीं गेलीं. म्हणजे कार्डाचा कान, तोंड आणि स्मरण तिन्ही शाबूत होतीं.

मग तिसरी परीक्षा केली. बाहेरून टेलिफोन केला, स्वागत ऐकलें आणि एक अक्षरहि न बोलतां ठेवून दिला. निरोपाचा कंटाळा असलेलीं बहुतेक माणसें असेंच करतात. अशा वेळीं पेटीनें पलीकडला माणूस गेल्याचें ओळखून नोंद बंद करावयास हवी. पण दोन मिनिटांनीं पेटी उघडली तों आंत पुरी दोन मिनिटें “टूं — टूं — टूं” एवढेंच होतें. काकूंनीं सांगितलें होतें तें हेंच.

आतां या टूं-टूंचें मर्म पाहूं. पलीकडल्यानें टेलिफोन ठेविला, कीं आपल्याकडील एक्स्चेंज तारेवर एक नाद सोडतें. आपल्या देशांत तो सेकंदास ४०० कंपनांचा एकच स्वर असतो; पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद थांबतो. अमेरिकेंत याच कामासाठीं ४८० व ६२० कंपनांचे दोन स्वर एकत्र वाजतात, आणि ते अर्धा सेकंद चालू व अर्धा सेकंद बंद असतात. पेटीस जो नाद शिकविलेला असेल तोच ऐकून ती समजते कीं, माणूस गेला. अमेरिकन नाद शिकलेल्या पेटीस आपला नाद म्हणजे कोणीतरी बोलत आहे असेंच वाटतें. शांतता पसरली तर नोंद थांबवावी, अशीहि आज्ञा तिला असते. पण हा नाद म्हणजे शांतता नव्हे. तेव्हां ती प्रामाणिकपणें ठरलेली मर्यादा संपेपर्यंत टूं-टूं लिहून घेते. या पेटींत एका नोंदीची मर्यादा दोन मिनिटें व सर्व पेटीची तीस मिनिटें होती. पंधरा माणसें न बोलतां गेलीं, कीं पेटी कांठोकांठ भरली.

परंतु सात वर्षें जी पेटी आपला नाद ओळखीत होती, ती एका रात्रींत तो विसरली कशी? आम्हीं यंत्रास एकच साधा प्रश्न विचारला: आज तारीख काय? पडद्यावर उत्तर आलें: ५ जानेवारी, सकाळचे सात. बाहेर वैशाखाचें ऊन रटरटत होतें आणि भिंतीवरील घड्याळांत दुपारचे चार वाजले होते.

यंत्राचें घड्याळ १ जानेवारीच्या मध्यरात्रीं सुरू झालें असें धरलें, तर तें चार दिवस सात तास चाललें होतें. बुधवारच्या चार वाजल्यापासून चार दिवस सात तास मागें मोजले, कीं शनिवारचे सकाळचे नऊ येतात. त्याच वेळीं वीज परत आली होती! कार्डाची खोळ उघडली. अशा कार्डांत स्मरण दोन प्रकारचें असतें. एक टिकाऊ, त्यांत आवाज व गुप्तांक राहतात. दुसरें नाजूक, त्यांत घड्याळ, देशाचा नाद, सूचनांची भाषा असल्या आज्ञा राहतात, आणि वीज गेली असतां तें रुपयाएवढ्या एका चपट्या बॅटरीवर जगतें. त्या बॅटरीचा दाब तीन व्होल्ट असावयाचा, तो एक व्होल्टहि भरला नाहीं. यंत्र पश्चिमेच्या भिंतीवर पत्र्याच्या बंद कपाटांत बसविलेलें. सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जाणारा. अशा उकाड्यांत बॅटरी लवकर म्हातारी होते. शुक्रवारीं रात्रीं वीज गेली. यूपीएसची मोठी बॅटरीहि जुनी झालेली, तिनें अर्ध्या तासांत मान टाकली. मग चपट्या बॅटरीवर भार आला, आणि ती तर आधींच मेलेली. यंत्र कारखान्यांतून निघाल्या दिवशींच्या स्थितीस गेलें: घड्याळ १ जानेवारी, नाद अमेरिकन, सूचना इंग्रजी.

आतां सारी यादी उलगडली. यंत्राचे रात्रीचे दोन म्हणजे शनिवारचे सकाळचे अकरा. त्या वेळीं काकू पेढींतच होत्या. हजेरीपुस्तक तसें सांगत होतें, आणि हजेरीपुस्तकाची तरी काय गरज? स्वतः पुतण्याच त्यांच्या समोरच्या मेजावर बसला होता. नऊला वीज आल्यापासून दहाला पेढी उघडेपर्यंत चार जणांनीं न बोलतां टेलिफोन ठेविला. त्यांचीच टूं-टूं काकूंनीं पुसली. दुपारीं दोनला पेढी बंद झाल्यावर पुनः तेंच सुरू झालें. काकूंच्या पेटींतील पंधराहि नोंदी आम्हीं सर्वांसमक्ष ऐकविल्या. पंधराहि वेळां टूं-टूं! पंधरावी यंत्राच्या लेखीं सकाळीं अकराची होती, म्हणजे शनिवारीं रात्रीं आठची. व्यापाऱ्याचा टेलिफोन नऊचा. त्यास काकूंचें ओळखीचें स्वागत ऐकूं आलें, मागून एक इंग्रजी वाक्य आलें. तें वाक्य “पेटी भरली आहे” असें होतें. त्या भल्या गृहस्थास तें शिष्टाचाराचें वाटलें. त्यानें आपली मागणी सांगितली आणि निर्धास्त मनानें टेलिफोन ठेविला. चारशें चादरींचा निरोप कोणींहि पुसला नव्हता. तो लिहिलाच गेला नव्हता.

थोरल्या यजमानांच्या प्रश्नाचें उत्तर तेव्हां देतां आलें. यंत्र खोटें बोलत नाहीं. पण आपणांस वेळ ठाऊक नाहीं हेंहि तें बोलत नाहीं. माणूस अशा वेळीं “नक्की आठवत नाहीं” म्हणतो, आणि तेवढ्यानें ऐकणारा सावध होतो. यंत्र दोन म्हणजे दोन असें छापून देतें. म्हणून छापील यादीचीहि उलटतपासणी करावी लागते, आणि पहिला प्रश्न नेहमीं हाच विचारावा: साक्षीदाराचें घड्याळ बरोबर होतें काय?

पुतण्या सरळ मनाचा होता. हिशेब जुळतांच तो उठला आणि काकूंच्या घरीं गेला. काय बोलला तें आम्हीं विचारलें नाहीं. काकू दुसऱ्या दिवशीं आल्या. राजीनामा परत घेतांना त्यांनीं एक अट घातली: रोज सकाळीं पेटी ऐकतांना आपल्याबरोबर घरचा एक माणूस बसावा, आणि ऐकलेलें वहींत लिहून दोघांनीं सही करावी. हें त्या रागानें म्हणाल्या नाहींत. बावीस वर्षांच्या माणसास आपली अब्रू यंत्राच्या हातीं देणें पुनः परवडणारें नव्हतें. व्यापाऱ्यास थोरल्या यजमानांनीं स्वतः टेलिफोन करून सर्व सांगितलें. त्याचा राग उतरला. मात्र त्या लग्नाची मागणी गेली ती गेलीच.

दुरुस्ती आणि सूचना

दुरुस्ती मोठी नव्हती. वीज बंद करून चपटी बॅटरी बदलली. तारीख व वेळ लाविली. देशाच्या यादींतून भारत निवडून आपला नाद शिकविला. सूचना पूर्ववत् केल्या. मग न बोलतां टेलिफोन ठेवण्याची परीक्षा पुनः घेतली. पेटीनें थोड्याच ठोक्यांत नोंद बंद केली. शेवटीं वीज मुद्दाम तासभर बंद ठेवून घड्याळ व आज्ञा टिकतात कीं नाहीं तें पाहिलें. ही शेवटची परीक्षा पुष्कळ कारागीर करीत नाहींत, आणि खरी दुरुस्ती झाली कीं नाहीं हें तिच्यावांचून कळत नाहीं.

ज्या वाचकांच्या पेढींत, दवाखान्यांत किंवा शाळेंत अशी पेटी आहे, त्यांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

१. वीज जाऊन आली, कीं प्रथम यंत्राची तारीख पाहावी. ती चुकली असेल तर इतर आज्ञाहि गेल्या असें समजावें व त्या तपासाव्या.

२. चपटी बॅटरी मरण्याची वाट पाहूं नये. ती केव्हां बदलली याची चिठी यंत्राच्या झांकणावर आंतून चिकटवावी. यूपीएसची बॅटरी आपल्याकडील उष्णतेंत तीनचार वर्षांनीं तपासून घ्यावी.

३. यंत्रास दिलेल्या सर्व आज्ञा एका कागदावर लिहून जमाखर्चाच्या वह्यांजवळ ठेवाव्या. कारागीर गांवीं गेला असतां तो कागद कारागिराचें काम करतो.

४. महिन्यांतून एकदां बाहेरून टेलिफोन करून तीन परीक्षा घ्याव्या: बोलून ठेवणें, न बोलतां ठेवणें, आणि पेटी भरली असतां काय ऐकूं येतें तें ऐकणें. ही तिसरी परीक्षा गिऱ्हाइकाच्या जागीं बसून घ्यावी. “पेटी भरली आहे” ही सूचना गिऱ्हाइकाच्या भाषेंत असलीच पाहिजे. सोलापूरसारख्या शहरांत ती एका भाषेंत असून भागत नाहीं.

५. निरोप मध्येंच तुटत असेल, तर बोलणारा हळू बोलतो व यंत्र त्यास शांतता समजतें, असा संभव असतो. शांततेची मुदत दोनतीन सेकंदांनीं वाढवून पाहावी.

६. गुप्तांक दाबूनहि पेटी उघडत नसेल, तर टेलिफोनाच्या बटणांकडे पाहावें. प्रत्येक बटण दोन स्वर एकदम काढतें. पांचाचें बटण ७७० व १३३६ कंपनांचे. झिजलेल्या बटणाचे स्वर तुटक येतात व यंत्रास अंक कळत नाहीं. उलट, कधीं कधीं माणसाच्या आवाजांतच असे दोन स्वर सांपडून यंत्रास बटण दाबल्याचा भास होतो. तेव्हां “आपण होऊन पेटी उडी मारते” अशी तक्रार आल्यास भुताखेतांकडे जाऊं नये.

७. गुप्तांक कारखान्याचाच ठेवूं नये. चोर तो प्रथम वापरून पाहतो, आणि कांहीं यंत्रांत पेटींतून बाहेर टेलिफोन करतां येत असल्यामुळें परदेशच्या बोलण्याचें बिल आपल्या माथीं येतें.

८. पावसाळ्यापूर्वीं यंत्राची जमिनीशीं जोडणी पाहून घ्यावी. सोलापूरकडे विजा वळवाच्या पावसांत अधिक कडाडतात. तारेंतून आलेला धक्का जमिनींत गेला नाहीं, तर तो कार्डांत जातो.

कोणी म्हणतील, आतां मोबाइल आणि त्यावरील संदेश घरोघर झाले. असल्या पेटीची चर्चा कशास? तारखात्याची तार १४ जुलै २०१३ रोजीं बंद झाली, तशी ही पेटीहि एक दिवस जाईल. परंतु यंत्र बदललें म्हणून प्रश्न बदलत नाहीं. मोबाइलवर निरोपाखालीं दोन खुणा उमटल्या म्हणजे तो समजला असें मानून रुसणारीं माणसें आज प्रत्येक घरांत आहेत. निरोप यंत्रांत पोंचणें आणि माणसाच्या मनांत पोंचणें या दोन गोष्टी आहेत. ओसरीवरचे आजोबा “सांगितलें हो तिला, ती ‘बरं’ म्हणाली,” असें सांगत, त्यांत शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे असत. महत्त्वाच्या निरोपास उलट उत्तर मागावें आणि उलट उत्तर द्यावें, हा नियम कोणत्याहि यंत्राबरोबर चालण्यासारखा आहे. कलबुर्गीच्या त्या पेढीनें आतां तोच धरला आहे: सोलापूरहून उलट टेलिफोन आल्याखेरीज माल सांगितला असें ते धरीत नाहींत.

पुढील अंकीं उन्हाळ्यांत पाणी चढविणाऱ्या विजेच्या पंपाविषयीं लिहिण्याचा विचार आहे. वाचकांनीं आपल्या घरांतील पंपाच्या तक्रारी, विशेषतः तो केव्हां व कोणत्या आवाजानें बंद पडतो हें, सविस्तर कळवावें. तक्रार कळवितांना घरांतील ज्या माणसानें तो आवाज प्रथम ऐकला, त्याचेंच म्हणणें त्याच्या शब्दांत लिहावें, अशी विनंति आहे.